पॉली बेमिस: पत्त्यांत जिंकलेली बायको म्हणे!

रानजाई

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या इतिहासात थोडाफार रस असणाऱ्यांना पॉली बेमिस हे नाव नवीन नाही. तिची गोष्ट साधारण अशी सांगतात. चीनमध्ये दुष्काळ पडला, बापाने पोरीला दोन पोती बियाण्यासाठी विकलं. पोरगी जहाजात कोंबून अमेरिकेत आणली गेली. सोन्याच्या खाणींच्या गावात ती एका चिनी मालकाकडे राबली. मग एका रात्री पोकरच्या डावात चार्ली बेमिस नावाच्या गोऱ्याने तिला जिंकलं. पुढे लग्न, नदीकाठचं घर, सुखाचा संसार.

वर्तमानपत्रांनी आणि पर्यटनवाल्यांनी ही गोष्ट इतकी घोळवली की तिला सगळीकडे 'पोकर ब्राइड' म्हणूनच ओळखतात. माझं भांडण या पोकरशी आहे, म्हणून हा धागा.

आधी पक्कं काय आहे ते बघू. जन्म ११ सप्टेंबर १८५३, उत्तर चीनमध्ये. ८ जुलै १८७२ ला ती आयडाहो टेरिटरीतल्या (तेव्हा ते राज्य झालं नव्हतं) वॉरन या खाणगावात पोचली, वय अठरा. उंची पाच फुटांच्याही आत. १९२१ साली एलिनॉर गिझिका नावाची श्रीमंत पत्रकार बाई नदीच्या सफरीवर आली होती. तिच्याशी बोलताना पॉलीने स्वतः सांगितलं ते एवढंच: घरी खायला नव्हतं, आईबापांनी विकलं, एका म्हातारीने चोरून पोर्टलंडला आणलं, माझी किंमत अडीच हजार डॉलर पडली, आणि एका म्हाताऱ्या चिनी माणसाने खेचरांच्या तांड्याबरोबर मला वॉरनला नेलं. वर हसून म्हणाली, आता बघून वाटत नाही ना तेवढी किंमत?

या बोलण्यात पोकरचा 'प' नाही.

आता कागद बघा. १८८० च्या खानेसुमारीत ती चार्ली बेमिसच्या घरात दिसते. तो सलूनवाला, मूळचा कनेक्टिकटचा. तिची नोंद आहे 'विधवा'. म्हणजे १८७२ ते १८८० या आठ वर्षांत ती कुणाच्या तरी ताब्यातून सुटली. कशी? पैसे फेडून? मालक मेला म्हणून? तो गाव सोडून गेला आणि ती मागे राहिली? 'विधवा' शब्दावरून तो मालक नवराही असू शकतो. कागद गप्प आहेत. आणि नेमकं याच आठ वर्षांच्या भगदाडात लोकांनी पोकरचा डाव आणून बसवला. अडीच हजारांना घेतलेली बाई सुटली कशी, हा प्रश्नच मग कुणी विचारत नाही. एका गोऱ्याच्या हातात चांगली पानं आली, विषय संपला!

युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोत आशियाई-अमेरिकन वस्तूंचा आणि कागदपत्रांचा संग्रह उभा करणाऱ्या प्रिसिला वेगर्स या बाईंनी पॉलीवर कित्येक वर्षं काम केलंय. पोकरच्या गोष्टीला पुरावा नाही, हे त्यांनी वारंवार मांडलंय. तरी गोष्ट हटत नाही.

पुढची हकीकत प्रतिसादांत टाकते, एकदम फार लांबेल.

खडूस_काका

वाचतोय. पण एक शंका. विकत घेतली काय आणि पत्त्यांत जिंकली काय, बाईच्या दृष्टीने फरक काय पडतो? दोन्हीकडे ती वस्तूच.

रानजाई

काका, फरक आहे. विकत घेण्याची गोष्ट ऐकून निदान संताप येतो. पोकरची गोष्ट लोक गालात हसत सांगतात.

टवाळ_कार्टं

द्यूतात पणाला लावलेली बाई आपल्याला काय नवीन नाय. फक्त आपल्याकडे तिने भर सभेत प्रश्न तरी विचारला.

मीनाक्षी

रानजाई, वॉरन हे काय प्रकरण होतं? आणि तिथे इतके चिनी कुठून आले? आम्हाला फक्त कॅलिफोर्निया आणि रेल्वे एवढंच ठाऊक.

रानजाई

मीनाक्षी, १८६२ मध्ये वॉरन भागात सोनं सापडलं. डोंगराळ, दुर्गम, हिवाळ्यात बर्फाने बंद. सुरुवातीला गोऱ्या खाणवाल्यांनी आपल्या हद्दीत चिन्यांना बंदी घातली होती. वरचं सोपं सोनं उपसून झालं, तशी बंदी उठवली आणि तेच उष्टे दावे, म्हणजे खोदायच्या हक्काच्या जागा, चिन्यांना विकले. १८७० च्या खानेसुमारीत आयडाहोची लोकसंख्या १४,९९९ आणि त्यात ४,२७४ चिनी. चारातला एक माणूस चिनी! त्यांच्यावर वेगळा मासिक कर होता, तो टेरिटरीच्या तिजोरीला चांगलाच पुरायचा.

बायका मात्र जवळपास नाहीतच. त्या साली सगळ्या अमेरिकेत ६३ हजार चिनी, त्यांत बायका साडेचार हजारांच्या आसपास. त्यांतल्याही बऱ्याच विकून आणलेल्या. सॅन फ्रान्सिस्कोत अशा मुलींकडून करारावर अंगठा घेत. प्रवासखर्चाचं 'कर्ज' फेडायला चार-साडेचार वर्षं धंदा करायचा, आणि आजारी पडलीस तर ते दिवस मुदतीत वाढणार. जिला वाचताच येत नाही तिचा करार!

१८७५ मध्ये पेज कायदा आला. कागदावर तो वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या बायकांविरुद्ध. प्रत्यक्षात हाँगकाँगच्या अमेरिकन वकिलातीत प्रत्येक चिनी बाईची उलटतपासणी, फोटो, चारित्र्याचे दाखले. लग्नाच्या बायकांनीही यायचं सोडलं. पुरुष इकडे, बायका तिकडे, आणि मग गोरे म्हणणार की हे लोक संसार करत नाहीत, इथे रुजत नाहीत. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने मजुरांचं येणंच बंद केलं. पॉली यायला तीन वर्षांनी उशीर झाला असता तर तिला बंदरातूनच परत पाठवलं असतं. आणि परत म्हणजे कुणाकडे?

खडूस_काका

म्हणजे जो कायदा तिला वाचवायला म्हणून केला, तो तिला लागू झाला असता तर ती विकणाऱ्याच्याच दारात परत. सरकारी कामाचा नमुना.

सायली_बॉयसी

अगं, शेवटी कुणीतरी आमच्या आयडाहोवर लिहिलं! आमचं घर बॉयसीत. सॅमन नदीत राफ्टिंग करताना पॉलीचं घर लागतं, बहुतेक सगळे राफ्टवाले तिथे थांबतात. लाकडाच्या ओंडक्यांचं छोटंसं घर, आत म्युझियम, बाहेर तिची कबर. तिथे गाडीरस्ता नाही. नदीने या, नाहीतर डोंगर तुडवत या. आमच्या सोबतची मंडळी फोटो काढण्यात दंग होती. मी मात्र दारात उभी राहून पलीकडचा उभा कडा बघत होते. भर उन्हाळ्यातही त्या घळीत ऊन उशिरा उतरतं. हिवाळ्यात कसं काढलं असेल बाईने!

आणि हो, आमच्या गाइडने पोकरची गोष्ट सांगितलीच. मी म्हटलं, पुरावा? तर म्हणे, लोकांना आवडते.

रानजाई

सायली, 'लोकांना आवडते' हे उत्तर मस्त आहे, जपून ठेवते. आता पुढचं.

वॉरनमध्ये तिने कपडे धुतले, माणसं जेवायला-राहायला ठेवली. तिच्याबद्दलचा एक किस्सा सगळेच सांगतात, खरा असो नसो, मला तो पोकरपेक्षा बरा वाटतो. जेवायला बसलेल्यांपैकी कुणीतरी कॉफीला नावं ठेवली. ही स्वयंपाकघरातून मटण तोडायचा सुरा घेऊन बाहेर आली आणि विचारलं, कुणाला आवडली नाही माझी कॉफी? पुढे कॉफीबद्दल तक्रार आली नाही.

सप्टेंबर १८९० मध्ये जुगाराच्या भांडणात जॉनी कॉक्स नावाच्या माणसाने चार्लीच्या तोंडावर गोळी झाडली. गाल फाटला, हाडाच्या चिरफळ्या आत अडकल्या. पॉलीने त्याची शुश्रूषा केली, आणि तो जगला. क्रोशाच्या सुईने तिने जखम साफ केली असंही सांगतात. आता जरा थांबून बघा: पत्त्यांवरून गोळीबार, ही या घरातली पक्की घडलेली गोष्ट आहे. त्यात जीव वाचवणारी ती आहे. पण लोकांच्या तोंडी राहिला तो दुसराच डाव, ज्यात ती टेबलावर पडलेली रक्कम आहे.

१३ ऑगस्ट १८९४ ला दोघांनी लग्न केलं. तोवर एका छताखाली राहून चौदा वर्षं तरी झाली होती.

निरंजन७१

लग्न इतक्या उशिरा का? प्रेम वगैरे ठीक आहे, पण तारखेत काहीतरी कारण असणार.

रानजाई

निरंजन, नेमका प्रश्न. १८९२ मध्ये गिअरी कायदा झाला. अमेरिकेतल्या प्रत्येक चिनी मजुराने रहिवासाचा दाखला काढायचा आणि तो जवळ बाळगायचा. दाखला नसेल तर अटक आणि देशाबाहेर. मुदत वाढवून १८९४ पर्यंत दिली. लग्नाचं साल तुम्हीच बघा. दाखल्याची धास्ती हे लग्नामागचं एक कारण असावं, हा माझा तर्क आहे.

पण लग्नाने तिचा प्रश्न सुटला नाहीच. नागरिकाशी लग्न केलेली परदेशी बाई तेव्हा आपोआप नागरिक व्हायची, पण अट अशी की ती स्वतः नागरिकत्वाला पात्र हवी. चिनी माणूस पात्रच नव्हता. म्हणून गोऱ्या अमेरिकनाची कायदेशीर बायको होऊनही ती परकीच. १८९६ मध्ये तिचं आणि त्या भागातल्या इतर चिन्यांचं प्रकरण कोर्टात गेलं. दाखले द्यायला अधिकारी वॉरनपर्यंत आलाच नाही, आम्ही काढणार कुठून, हे त्यांचं म्हणणं. ते मान्य झालं आणि त्याच वर्षी तिला दाखला मिळाला. तेव्हा ती चोवीस वर्षं त्या देशात राहत होती.

विसोबा_खेचर२

माफ करा, पण हे वाचून ग्रीन कार्डच्या रांगेची आठवण झाली. आमचे साडू कॅलिफोर्नियात १२ वर्षं...

खडूस_काका

विसोबा, त्याचा वेगळा धागा काढा. तिथे साडू, मेहुणे सगळ्यांना आणा.

मीनाक्षी

मला एक आठवलं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या, १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. म्हणजे पॉली वॉरनमध्ये कपडे धूत होती, त्याच सुमारास आपली एक मुलगी त्याच देशात शिकत होती. दोघींची तुलना करावीशी वाटते.

रानजाई

मीनाक्षी, काळ तोच, पण तुलना फार ताणता येत नाही. आनंदीबाई स्वतःच्या नावाने, ओळखीच्या घरी, नवऱ्याच्या आग्रहाने गेल्या. त्यांनी सोसलं नाही असं नाही, थंडीने आणि क्षयाने त्यांचा जीव घेतला. पण त्या जहाजातून उतरल्या तेव्हा चिनी बहिष्काराचा कायदा एक वर्षाचा होता आणि तो त्यांना अडवत नव्हता. आशियातला प्रत्येक माणूस तेव्हा बंद नव्हता. एका समाजाला निवडून दार लावलं होतं.

निरंजन७१

ते दार पुढे आपल्यालाही लागलं. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने 'गोरे' मानून नागरिकत्व दिलं. १९१७ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियाला बंदी. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, हिंदुस्थानी माणूस गोरा नाही. चिन्यांवरची बंदी १९४३ ला उठली तीही वर्षाला १०५ माणसांपुरती, आपली १९४६ ला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगनमध्ये शेतकी शिकत होते, तेव्हा पॉली शेजारच्याच राज्यात नदीकाठी कोंबड्या पाळत होती.

सायली_बॉयसी

खानखोजे ओरेगनमध्ये होते हे माहीत नव्हतं! निरंजनदादा, त्यावर लिहाच.

अश्विनी_पुणे

उशिरा आले धाग्यावर. रानजाई, लेख आवडला, पण मला एक टोचतंय. पॉलीच्याच बाबतीत 'जगली, टिकली, प्रेमळ होती, सगळ्यांची लाडकी होती' हे इतकं का सांगतात? कारण ती एकटी होती आणि कुणाला तिची भीती नव्हती. ज्या चिन्यांची भीती वाटली त्यांचं काय झालं? १८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जला २८ चिनी खाणकामगार मारले. त्याच वर्षी आयडाहोच्याच पिअर्स गावाजवळ पाच चिन्यांना झाडाला लटकवलं. १८८७ मध्ये स्नेक नदीच्या हेल्स कॅन्यनमध्ये तीसेक चिनी खाणवाले मारून नदीत फेकले, एकालाही शिक्षा झाली नाही. हे सगळं तिच्या आसपासच्या डोंगरांत घडत होतं. एका बाईवर माया केली म्हणून या राज्याचं पाप फिटत नाही.

रानजाई

अश्विनी, शंभर टक्के. आणि हे तिच्या कानावर आलं नसेल असं मला वाटत नाही. वॉरनमध्ये तेव्हा बरेच चिनी होते, बातम्या यायच्याच. गिझिकासारख्या पाहुण्यांनी तिला काय विचारलं बघा: किंमत किती, आलीस कशी. तुझ्या माणसांचं काय झालं, हे कुणी विचारल्याचं दिसत नाही. शिवाय तिचं मोडकं इंग्रजी त्यांनी तसंच्या तसं मोडून, गंमत म्हणून छापलं. तिने चाळीस-पन्नास वर्षं त्या भाषेत व्यवहार केला, दुखणी काढली, भांडली, याचं कुणाला कौतुक नाही.

टवाळ_कार्टं

बाकीच्या पोरींचं काय मग? ज्यांना चार्ली भेटला नाय त्या?

अश्विनी_पुणे

बऱ्याच तरुणपणीच गेल्या, त्यांची नावंही उरली नाहीत. काही सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्रामेंटो स्ट्रीटवरच्या प्रेस्बिटेरियन मिशन होममध्ये पोचल्या. डोनाल्डिना कॅमेरॉन १८९५ पासून तिथे, पोलीस घेऊन कोठ्यांवर धाडी घालायची. तिथेही शिस्त कडक, बायबल, शिवण, आणि शेवटी ख्रिस्ती चिन्याशी लग्न. सगळ्याजणींना ते रुचलं नाही, काही पळूनही गेल्या.

पण तिथूनच टाय लियुंग निघाली. लहानपणी लग्न लावून देणार होते म्हणून घरातून पळाली, मिशनमध्ये राहिली, दुभाषी झाली, १९१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावरच्या इमिग्रेशन केंद्रात नोकरी. १९१२ च्या अध्यक्षीय प्राथमिक निवडणुकीत (प्रायमरीत) मत टाकणारी पहिली चिनी-अमेरिकन बाई ती. पुढच्या वर्षी चार्ल्स शुल्झ या गोऱ्या इन्स्पेक्टरशी लग्न केलं, त्यासाठी वॉशिंग्टन राज्यात जावं लागलं, कारण कॅलिफोर्नियात असं लग्न बेकायदा. लग्नानंतर दोघांचीही नोकरी गेली.

आणि मेरी टेप! अकरा वर्षांची असताना एकटी आली, १८६८ मध्ये. अनाथ-निराधारांच्या संस्थेत वाढली. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, मेमीला, सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेने चिनी म्हणून प्रवेश नाकारला. मेरीने खटला भरला आणि १८८५ मध्ये जिंकली. मग शाळांच्या बोर्डाने घाईघाईने चिन्यांची वेगळी शाळा काढली. तेव्हा मेरीने वर्तमानपत्रात जे पत्र लिहिलं त्यात तिने बोर्डाला थेट विचारलंय, की चिनी म्हणून जन्माला येणं ही काय लाजेची गोष्ट आहे?

खडूस_काका

हिच्यावर कुणी गोष्ट रचलेली दिसत नाही. कोर्टात जाणाऱ्या बाईची दंतकथा होत नसावी.

मीनाक्षी

रानजाई, पॉलीचं शेवटी काय झालं ते राहिलंच.

रानजाई

हो. लग्नानंतर दोघं सॅमन नदीकाठी गेले. खाणीचा दावा चार्लीच्या नावावर, कष्ट बहुतेक हिचे. चार्ली कामाचा फारसा हौशी नव्हता असं शेजारी सांगत. भाजीपाला, फळझाडं, कोंबड्या, गाय. मासेमारीचं तिला भारी वेड, गांडुळं एप्रनच्या खिशात. पलीकडच्या काठावर चार्ली शेप आणि पीट क्लिंकहॅमर हे दोघे खाणवाले. शेपची रोजनिशी शिल्लक आहे. ऑगस्ट १९२२ मध्ये घराला आग लागली. शेपची नोंद अगदी कोरडी: म्हाताऱ्याला कसंबसं बाहेर काढलं, बाकी काही वाचलं नाही. चार्ली तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, ऑक्टोबरअखेर गेला.

पुढची दोनेक वर्षं ती वॉरनला होती. त्याच काळात १९२३ मध्ये ग्रेंजव्हिल आणि १९२४ मध्ये बॉयसी पाहिलं. सत्तरीत पहिल्यांदा आगगाडी, सिनेमा, लिफ्ट. वर्तमानपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापलं. एवढं सगळं बघून बाईने काय ठरवलं, तर परत नदीवर जायचं. शेप आणि क्लिंकहॅमरने तिला नवीन घर बांधून दिलं (सायलीने पाहिलं ते हेच), म्हातारपणी बघायचं कबूल केलं, बदल्यात जागा त्यांना. हा सौदा मात्र तिने स्वतः केलेला. नदीवरून टेलिफोनची तार टाकली होती. रोज फोनवर विचारायची म्हणे, आज अंडी किती, मासे किती?

ऑगस्ट १९३३ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. ग्रेंजव्हिलच्या दवाखान्यात नेलं, ६ नोव्हेंबरला गेली. तिथेच पुरलं. १९८७ मध्ये तिच्या अस्थी नदीकाठच्या घराशेजारी आणल्या.

अश्विनी_पुणे

सत्तरीत शहर पाहून परत फिरली, हे मला सगळ्यांत आवडलं. पण खरं सांगू? तिला चीनची आठवण यायची का, हे कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

निरंजन७१

सायली, आम्ही पुढच्या वर्षी सिअ‍ॅटलला लेकीकडे येतोय. गुडघ्यांमुळे राफ्टिंग जमणार नाही. तिचं आणखी काही बघण्यासारखं?

सायली_बॉयसी

निरंजनदादा, कॉटनवुडला सेंट गर्ट्रूडच्या मठाचं म्युझियम आहे, तिथे तिचे कपडे आणि वस्तू ठेवल्यात. तिथून ग्रेंजव्हिल जवळच. आणि राफ्ट नको असेल तर जेटबोट आहे, तिला गुडघे लागत नाहीत, फक्त पाठ सांभाळा. जून टाळा, बर्फ वितळून नदीला भयंकर पाणी असतं. ऑगस्ट बरा, पण वणव्यांचा धूर असला तर मला आधी फोन करा, मी सांगते.